लालीला आणायचं का?

शेल्टरच्या कागदावर लालीचं वय ‘अंदाजे 9 वर्षे’ असं लिहिलं आहे. गावठी, तांबूस रंग, पंधरा किलोच्या आसपास वजन, नसबंदी झालेली, रेबीजची लस टोचलेली. ती रस्त्यावरची नव्हे, एका घरात वाढलेली. घरच्यांनी गाव सोडलं तेव्हा ती मागे राहिली आणि शेवटी नागपूरच्या वेशीवरच्या एका शेल्टरमध्ये आली.

माझी आत्या तिला कामठीला आणायचं म्हणते. आत्या 68 वर्षांची, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली, घरात एकटी. तिने आयुष्यात कधी कुत्रं पाळलं नाही. तिचे धाकटे भाऊ म्हणजे माझे बाबा. ते सैन्यात श्वानपथकात हँडलर होते, नोकरीची बहुतेक वर्षं त्यांनी कुत्र्यांसोबत काढली. ते नको म्हणतात.

ज्याला कुत्र्यांचं काहीच ठाऊक नाही तो आणा म्हणतो आणि ज्याला सगळं ठाऊक आहे तो नको म्हणतो, यात मला नवल वाटत नाही. त्या दोघांचं बोलणं इथे मांडते आहे, कारण अशा वेळी घरोघर दया आणि खर्च या दोनच गोष्टींवर वाद होतो. आमच्याकडे तो तिथे थांबला नाही.

बाबा : बाई, कुत्रं पाहिजेच असेल तर पिल्लू आण न. तुझ्या हातचं खाऊन वाढेल, तुझ्या सवयी शिकेल. नऊ वर्षांची कुत्री म्हणजे दुसऱ्याच्या घराची सवय घेऊन आलेली.

आत्या : पिल्लू किती वर्षं जगेल?

बाबा : गावठी आहे, घरात नीट सांभाळलं तर बारा ते पंधरा.

आत्या : म्हणजे मी ऐंशीच्या जवळ जाईन तेव्हा त्याचं म्हातारपण सुरू होईल. त्याला उचलून दवाखान्यात कोण नेईल? मी? आणि मी नसलेच तर? तू माझ्यापेक्षा दोनच वर्षांनी लहान आहेस. मग ते कुठे जाईल ते सांग.

बाबा गप्प राहिले. उत्तर सगळ्यांना माहीत होतं. लाली आज जिथे आहे तिथेच ते जाईल. शेल्टरमध्ये म्हातारी कुत्री येतात ती अशीच येतात. मालक वारतो, मुलगा पुण्याला किंवा परदेशात असतो, फ्लॅटमध्ये जागा नसते. पिल्लांना घरं मिळतात, मोठ्या कुत्र्यांना क्वचित, आणि म्हाताऱ्यांच्या पिंजऱ्यासमोर लोक थांबतातच असं नाही. उतारवयातल्या माणसाला नातेवाईक मोठ्या प्रेमाने पिल्लू आणून देतात, तेव्हा त्या पिल्लाच्या दहाव्या वर्षाचा विचार कुणी केलेला नसतो. आत्याने तो केला होता. मला तिचा हा हिशेब बाबांच्या सगळ्या अनुभवापेक्षा वजनदार वाटला, आणि मी तसं बोललेही.

बाबा : हिशेब बरोबर आहे. पण तू वर्षं मोजून राहिली, त्या वर्षांत काय असते ते मोजत नाहीस. ऐक. पहिले दात. म्हाताऱ्या कुत्र्याच्या दातांवर किटण चढते, हिरड्या सडतात. ते जेवण सोडते आणि आपण म्हणतो नखरे करते. मग सांधे. सकाळी उठताना मागचे पाय आखडलेले दिसतात. तुझ्या घरात गुळगुळीत फरशी आहे, त्याच्यावर तिचे पाय घसरतील. मग किडनी. पाणी जास्त प्यायला लागली, रात्री लघवीला दोनदा उठवायला लागली, की समजायचं. आणि आपल्या इकडे गोचीड ताप. कुत्रं वरून ठीक दिसते, रक्तातल्या प्लेटलेट उतरलेल्या असतात.

आत्या : तिच्या डोळ्यात निळसर झाक आहे. ती आंधळी होऊन राहिली का?

बाबा : ते नक्की नाही सांगता येत. वय झालं की डोळ्यातलं भिंग घट्ट होते, निळसर दिसते, पण कुत्र्याला बऱ्यापैकी दिसत असते. मोतीबिंदू वेगळा, तो पांढरा असतो, त्याच्याने नजर जाते. डॉक्टर उजेड टाकून पाहतात, दोन मिनिटांत कळते.

आत्या : मग हे सगळं दाखवून घेऊ. सेमिनरी हिल्सला सरकारी पशुवैद्यकीय कॉलेज आहे, आपल्या लहानपणापासूनचं. तिथे नेऊ.

नागपूरचं हे कॉलेज 1958 सालचं. तिथल्या दवाखान्यात गायी-म्हशींपासून मांजरांपर्यंत सगळे येतात. कामठीहून ते दूर नाही, पण आजारी कुत्रं घेऊन रिक्षात बसायचं म्हटलं तर जवळही नाही. सगळेच रिक्षावाले कुत्र्याला बसू देत नाहीत. हा मुद्दा कुणी काढला नव्हता, मी काढला. म्हातारं कुत्रं आणायच्या आधी जवळचा डॉक्टर कोण, तो रात्री फोन उचलतो का आणि गाडी कुणाची, हे तीन प्रश्न सुटायला हवेत. बाबांची गाडी आहे. बाबा त्यावर काही बोलले नाहीत, आत्याने मात्र त्यांच्याकडे पाहिलं.

बाबा : आणि ऊन? कामठीचा मे माहीत आहे न तुला? पंचेचाळीस-शेहेचाळीस. कुत्र्याला आपल्यासारखा घाम नाही येत, ते जीभ बाहेर काढून धापतच अंग थंड करते. म्हाताऱ्याचं हृदय त्या धापेला पुरत नाही.

आत्या : मला कूलर आहे तसा तिलाही त्याच खोलीत आहे.

बाबा : फिरवायचं काय? सकाळी सहाच्या आत आणि रात्री अंधार पडल्यावर. डांबरावर आधी आपला हात टेकवून पाहायचा. हाताला सोसलं नाही तर तिच्या पंजालाही सोसत नाही.

आत्या : मी पहाटे पाचला उठते, चाळीस वर्षं झाली. ड्रॅगन पॅलेस मंदिरापर्यंत चालत जाते. एकटी जाते ते तिला घेऊन जाईन.

बाबा : पूर्ण नाही चालणार ती. अर्ध्यातून परत येशील.

आत्या : मी पण हल्ली अर्ध्यातून परत येते.

या वाक्यावर मला थांबावंसं वाटतं. म्हाताऱ्या माणसाने कुत्रं पाळावं की नाही यावर बोलताना आपण नेहमी ताकदीचं बोलतो, कुत्रं ओढेल, माणूस पडेल, हाड मोडेल. तरुण लॅब्राडॉर दोरीला हिसका देऊन आत्याला नक्की पाडेल. पंधरा किलोची, सावकाश चालणारी, दिवसातले बरेच तास झोपून काढणारी कुत्री तिच्या चालीला साथ देऊ शकते. म्हातारपण इथे अडचण नाही, दोघींना जोडणारी गोष्ट तीच आहे.

गल्लीतल्या एका काकूंनी मध्येच विचारलं, आणायचंच तर चांगल्या जातीचं आणा, गावठी काहून? यावर बाबाच आधी बोलले. आपल्या उन्हाला, आपल्या पाण्याला हीच जात टिकते, आखूड केसांची, कमी आजारांची. जर्मन शेफर्ड नागपूरच्या उन्हात ठेवणं हा त्याच्यावर अन्याय आहे, असं ते म्हणाले. आत्याने काकूंना कुक्कुर जातकाची गोष्ट सांगितली. राजाच्या रथाचं कातडं कुत्र्यांनी कुरतडलं. राजाने हुकूम दिला, दिसेल तो कुत्रा मारा, फक्त राजवाड्यातले जातिवंत सोडा. तेव्हा कुत्र्याच्या जन्मात असलेले बोधिसत्त्व राजासमोर गेले आणि म्हणाले, वाड्यातल्या कुत्र्यांना ताक आणि दर्भ खाऊ घाला. घातलं, तर त्यांनी कातड्याचे तुकडे ओकले. दोष वाड्याचा होता आणि मरत होते रस्त्यावरचे. आत्या ही गोष्ट शाळेतही सांगायची. काकू मात्र तिच्या गोष्टीने पटलेल्या दिसल्या नाहीत.

मग बोलणं खऱ्या जागी आलं.

बाबा : मुंबईच्या त्या चार कुत्र्यांचं ऐकलं का तुम्ही? मॅक्स, सीझर, टायगर, सुलतान. 26/11 च्या हल्ल्यात स्फोटकं शोधणारे. निवृत्त झाल्यावर विरारला एका शेतघरात एका बाईंनी त्यांना सांभाळलं. एप्रिल 2016 मध्ये मॅक्स गेला. मग सुलतान गेला, टायगर गेला. ऑक्टोबरमध्ये सीझर. एका वर्षात चारही. सोबतचे गेल्यावर सीझर मलूल झाला होता म्हणतात. त्या बाईंनी एका वर्षात चार वेळा ते पाहिलं. म्हातारं कुत्रं आणणं म्हणजे हे आणणं. बाई, तू भाऊजींना पाहिलं आहेस शेवटपर्यंत. परत काहून?

आत्या : तू त्या बाईंचं दुःख सांगितलं. त्या चौघांचं सांग न. ते शेवटी कुठे होते?

बाबा : मोकळ्या जागेत. झाडाखाली.

आत्या : आणि त्या बाईंनी घेतलं नसतं तर?

बाबांनी याचं उत्तर लगेच दिलं नाही. ते कुठे पोचले होते ते मला समजलं. 2015 साली माहिती अधिकारातल्या एका उत्तरातून देशाला कळलं, की कामाला न उरलेल्या लष्करी कुत्र्यांना इंजेक्शन देऊन मारलं जातं. त्यावर ओरड झाली, विषय दिल्ली उच्च न्यायालयात गेला आणि ते थांबलं. आता मेरठला निवृत्त कुत्र्यांसाठी जागा आहे, सामान्य माणसाला ते दत्तकही घेता येतात. बाबा त्याच्या बऱ्याच आधी निवृत्त झाले. हँडलरची बदली झाली की कुत्रा दुसऱ्याच्या हाती जातो, तशी बाबांनीही आपली दोरी दुसऱ्याच्या हाती दिली होती. ते त्या कुत्र्याचं नाव घरात घेत नाहीत.

आत्याने तिच्या वहीत जपून ठेवलेलं वर्तमानपत्राचं एक कात्रण काढलं. मे 2024 मधलं. मेरू नावाचा, माग काढणारा लष्करी कुत्रा, वय 9, निवृत्त होऊन रेल्वेच्या एसी फर्स्ट क्लासमधून मेरठला जातानाची बातमी.

आत्या : हा पण नऊ वर्षांचा. लालीएवढाच. ह्याला फर्स्ट क्लास मिळाला कारण ह्याने देशाची नोकरी केली. ठीक आहे, मिळालाच पाहिजे. पण लालीने पण इतकी वर्षं एका घराची राखण केली असेल न? लेकरं खेळवली असतील. तिची नोकरी कोणी मोजायची?

बाबा : ज्यांची केली त्यांनी.

आत्या : त्यांनी नाही मोजली.

याला कायद्यात काही आहे का, असं कुणी विचारलं तर उत्तर लाजिरवाणं आहे. पाळलेल्या जनावराचे उपासमारीने हाल होतील अशा अवस्थेत त्याला टाकून देणं हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे, पण पहिल्या गुन्ह्याला दंड आहे दहा ते पन्नास रुपये. कुत्र्याच्या एका लसीलाही याहून जास्त पैसे पडतात. दुसरीकडे, ज्यांना कुत्र्यांची काळजी आहे त्यांच्यावरच जबाबदारी टाकायचा प्रयत्न आपल्याच नागपूर खंडपीठातून झाला. 20 ऑक्टोबर 2022 च्या आदेशात म्हटलं होतं, की ज्यांना भटक्या कुत्र्यांना खाऊ घालायचं आहे त्यांनी त्यांना रीतसर दत्तक घेऊन घरी न्यावं. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबरमध्ये त्याला स्थगिती दिली. स्थगिती येईपर्यंतच्या मधल्या काळात आत्या घाबरून गल्लीतल्या कुत्र्यांना पोळी टाकायची थांबली होती, हे मला आठवतं. पुढे 22 ऑगस्ट 2025 च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने दत्तक घेण्याची वाट मोकळी ठेवली आणि एक अट घातली, की दत्तक घेतलेलं कुत्रं परत रस्त्यावर येणार नाही याची जबाबदारी घेणाऱ्याची. ही अट मला पूर्ण मान्य आहे. सक्तीने घरात आणलेलं कुत्रं आणि दयेच्या भरात आणलेलं कुत्रं, दोन्ही महिन्याभरात परत फिरतात, आणि दुसऱ्यांदा टाकलेल्या कुत्र्याला तिसरं घर मिळणं फार अवघड.

बाबांचा शेवटचा मोठा आक्षेप यातूनच निघाला.

बाबा : समज आणली. पहिले तीन दिवस ती पलंगाखालून निघणार नाही, जेवणार नाही. तू घाबरशील. तीन आठवड्यांनी तिला तुझ्या वेळा कळतील. हे घर आपलं आहे हे तिला वाटायला तीन महिने लागतील. शेल्टरवालेही असंच सांगतात, माझाही अनुभव तोच. तितका धीर आहे का तुझ्यात?

आत्या : पहिलीच्या वर्गात जून महिन्यात येणारी लेकरं आठव. पंधरा दिवस रडतात. मी तीस वर्षं पहिलीला शिकवलं, बाबू.

बाबा : लेकराची आई चारला येऊन घेऊन जाते.

आत्या : तेच तर. हिला कोणी न्यायला येणार नाही, हे हिला कळायला वेळ लागेल. तो वेळ देणं एवढंच माझं काम. औषधं तू सांगशील, डॉक्टर करेल. वेळ माझ्याकडे आहे. तुमच्यापैकी कोणाकडे तेवढा नाही.

यानंतर बाबा ‘नको’ म्हणाले नाहीत. ‘कसं’ यावर आले. हा बदल झाला तो आत्याच्या प्रेमामुळे नव्हे, असं मला वाटतं. तिच्याकडे कशाची उणीव आहे आणि कशाची नाही, हे तिला नेमकं माहीत होतं, त्यामुळे झाला. बाबांनी सांगायला सुरुवात केली आणि मी लिहून घेतलं, कारण ते कुणालाही कामाचं आहे.

शेल्टरमध्ये एकदाच जाऊन ठरवायचं नाही. वेगवेगळ्या वेळी जायचं; सकाळी जेवणाआधी, दुपारी सुस्तीत, आणि एकदा गर्दी असताना. पिंजऱ्यासमोर उभं राहून डोळ्यांत डोळे घालायचे नाहीत. तिरकं होऊन खाली बसायचं, हात मोकळा ठेवायचा, तिला येऊ द्यायचं. आली नाही तर वाईट वाटून घ्यायचं नाही. तिच्या पुढ्यातल्या ताटलीजवळून चालत जाऊन पाहायचं, ती आखडते का, गुरगुरते का. दोरी लावून रस्त्याच्या कडेने न्यायचं, मोटारसायकल गेल्यावर ती किती वेळात सावरते ते पाहायचं. घाबरणं चालतं, सावरता आलं पाहिजे. तिथल्या झाडलोट करणाऱ्या माणसाशी बोलायचं, कारण कागदावर नसलेलं त्याला माहीत असतं. ती रात्री रडते का, लहान मुलांना सोसते का, एकटी राहते का.

घरात फरशीवर सतरंज्या टाकायच्या. ओट्याच्या पायऱ्यांना फळी टेकवून उतार करायचा. जेवण एकदम बदलायचं नाही, शेल्टरमध्ये जे खाते तेच आठवडाभर, मग हळूहळू आपलं. कांदा नाही, द्राक्षं-मनुका नाहीत. लंगडली म्हणून आपल्या डब्यातली दुखण्याची गोळी अजिबात द्यायची नाही. आयबुप्रोफेनने कुत्र्याच्या पोटात रक्तस्राव होतो, किडनी जाते. अनोळखी माणूस आला तर पहिला महिना तिला आतल्या खोलीत ठेवायचं. कामठीत छावणीचा भाग वेगळा, नगर परिषदेचा वेगळा, शेजारचे रनाळा-येरखेडा वेगळे. आपलं घर ज्यांच्या हद्दीत आहे त्यांच्याकडे कुत्र्याच्या नोंदणीचं विचारून घ्यायचं आणि रेबीजची लस दर वर्षी चुकवायची नाही. आणि थेट दत्तक घ्यायच्या आधी शेल्टरशी बोलून काही आठवडे सांभाळायला आणायचं. त्यात लाज नाही. तिला आत्या मानवते का, हेही पाहायला हवं.

एक गोष्ट मात्र बाबांच्या यादीत नव्हती, ती आत्याने मला विचारली. मी गेले आणि लाली उरली तर?

मी नागपूरला तिसऱ्या मजल्यावर राहते. लगेच ‘हो’ म्हणणं सोपं होतं, पण एवढं सगळं ऐकल्यावर तसं बोलणं मला जमलं नाही. मी घरी विचारलं. नवऱ्याशी बोलले, सोसायटीच्या सचिवांना भेटले, लिफ्टमध्ये कुत्रं नेण्याबद्दल विचारलं. मग आत्याला फोन करून होकार दिला. तिने तो वहीत तारीख घालून लिहून घेतला आणि वाचून दाखवला. मला ते आवडलं. म्हाताऱ्या माणसाने म्हातारं कुत्रं आणताना हे एक नाव आधी ठरलेलं असावं, आणि त्या नावाच्या माणसाने ते मनापासून दिलेलं असावं. नाहीतर आणू नये, असं मी आज ठामपणे म्हणेन.

लालीचं रक्त काल तपासायला दिलं. रिपोर्ट शनिवारी येणार आहे.

बाबा : समज किडनी खराब निघाली. मग?

आत्या : मग लवकर आणावं लागेल.

बाबा : तसंही आणणार, असंही आणणार. मग रिपोर्ट कशाला पाहून राहिली?

आत्या : काय खाऊ घालायचं ते कळायला.